दारातली पडताळणी

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांचे कंटेनर तिथल्या बंदरांत अडकून पडले. द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे रसायन ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसिन’ म्हणून ठाऊक आहे. खरड छाटणीनंतर काडीचा जोम आवरण्यासाठी आणि घडनिर्मितीसाठी ते वर्षानुवर्षे वापरात होते. माल इथून निघाला तेव्हा कागदपत्रे चोख होती. बागेची नोंदणी झालेली, नमुना प्रयोगशाळेत गेलेला, अहवाल निर्दोष. अपेडा या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था २००६ पासून चालू होती आणि बागेपासून कंटेनरपर्यंतची साखळी तीत नोंदली जात होती. मात्र प्रयोगशाळांनी तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हते. जे कोणी विचारलेच नव्हते, त्याबद्दल कोणी खोटे उत्तर दिले असे म्हणता येत नाही. तरीही भुर्दंड पडला तो निर्यातदारावर आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या बागायतदारावर. यादी त्यांनी केलेली नव्हती.

अशा साखळीतून फिरणाऱ्या संगणकीय संदेशांची पडताळणी हा विषय एरवी प्रोग्रामरांच्या पुस्तकात शेवटच्या दोन पानांत आटोपला जातो. माझ्या मते तो मुळात जबाबदारीच्या वाटणीचा विषय आहे. चूक साखळीत जितकी पुढे जाऊन सापडते तितकी महाग पडते, आणि तो खर्च ती करणाऱ्यावर न पडता साखळीतल्या सर्वांत अशक्त माणसावर पडतो. म्हणून माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या दारातच ती तपासली पाहिजे. तपासणी आधी जाहीर केलेल्या नियमाने व्हावी, नाकारायचे तर कारण सांगून तिथल्या तिथे नाकारावे, आणि असे दार उभारण्याची ऐपत सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्याला आणि मोहाडी-पिंपळगावच्या शेतकरी कंपनीलाही असावी. ही ऐपत आता आवाक्यात आली आहे, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

नव्या वाचकासाठी आधी शब्द सरळ करून घेऊ. दोन संगणक एकमेकांना जे पाठवतात तो संदेश. त्यात वाक्ये नसतात, रकाने असतात: बागेचा नोंदणी क्रमांक, तोडणीची तारीख, वाण, निव्वळ वजन, एकक. कोणते रकाने असलेच पाहिजेत, कशात आकडा यावा आणि कशात मजकूर, आकड्याची सीमा काय, मजकुराचा साचा कोणता, हे सांगणारा वेगळा दस्तऐवज म्हणजे स्कीमा. संदेश आणि स्कीमा शेजारी ठेवून ‘जुळते’ किंवा ‘या या ठिकाणी जुळत नाही’ असे सांगणारा प्रोग्राम म्हणजे पडताळणारा. हा प्रोग्राम स्वतःचा सर्व्हर न बाळगता, संदेश आला की तेवढ्यापुरता जागा होईल आणि काम संपले की निजेल अशा रीतीने क्लाउडवर ठेवला, की त्याला सर्व्हरलेस फंक्शन म्हणतात. सर्व्हर कुठेतरी असतोच. त्याला रात्रंदिवस चालू ठेवण्याची, दुरुस्त करण्याची आणि त्याचे भाडे भरण्याची जबाबदारी आपल्यावर नसते.

नियम आधी छापून ठेवायचा आणि नोंद त्यात बसवायची, ही रीत महाराष्ट्राला संगणकाने शिकवलेली नाही. महसूल खात्याचे गाव नमुने एक ते एकवीस हे त्याचे घरचे उदाहरण. नमुना सात अधिकार अभिलेखाचा, बारा पिकांचा, सहा फेरफारांचा. कोणत्या रकान्यात काय लिहायचे हे ठरलेले, त्यामुळे येवल्याच्या तलाठ्याने लिहिलेले इगतपुरीच्या तहसीलदाराला वाचता येते. हे नमुने संगणकावर चढवताना दोन निराळ्या अडचणी पुढे आल्या. पहिली आकाराची होती: क्षेत्राची बेरीज जुळत नाही, एकक चुकलेले, खाते क्रमांक नाही. हे यंत्राला पकडता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाराचा नमुना सुधारला गेला, तेव्हा शेतीसाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर असे एकक स्पष्ट छापण्यात आले. याच जातीच्या घोटाळ्यावरचा तो उपाय. दुसरी अडचण सत्याची होती. हस्तलिखित सातबारावर एक नाव आणि संगणकावर दुसरेच, पण दोन्ही नावे नाव म्हणून बिनचूक. यासाठी चावडी वाचन घ्यावे लागले. गावासमोर नोंदी वाचून दाखवायच्या आणि ज्याची जमीन त्याने ‘बरोबर’ म्हणायचे. आकार आणि सत्य यांतले हे अंतर वाचकाने शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे, कारण स्कीमाकडून भलती अपेक्षा धरली की निराशा ठरलेली.

यंत्रांच्या जगात ही शिस्त व्यापाराच्या गरजेतून आली. अमेरिकेत १९७९ मध्ये एक्स-१२ समिती बसली आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एडिफॅक्टला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. खरेदीपत्र, बीजक, जहाजाची मालयादी यांचे ठराविक साचे त्यांनी दिले. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, एसजीएमएल हे मानक झाले आणि दस्तऐवजाचे व्याकरण दस्तऐवजापासून वेगळे लिहिता येते ही कल्पना त्याने रुजवली. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल आले, मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा. एक्सएमएल स्कीमा ताकदवान होती आणि तितकीच अवजड. तिच्या विरोधात जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी रिलॅक्स एनजी मांडली, जी आजही वाचायला आल्हाददायक वाटते. रिक जेलिफ यांनी स्कीमाट्रॉनमधून निराळीच वाट धरली: व्याकरण सोडा, नियम सांगा, ‘हे असेल तर ते असलेच पाहिजे’. मला या सगळ्या पिढीत स्कीमाट्रॉनचा विचार सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. व्यवहारातल्या चुका बहुधा एका रकान्यात नसतात, त्या दोन रकान्यांच्या विसंगतीत असतात, हे त्याने ओळखले होते.

पुढे डग्लस क्रॉकफर्ड यांनी नाव आणि आकार दिलेल्या जेसन या संदेश लिहिण्याच्या रीतीने वेबवरची देवघेव हलकी केली. सुरुवातीला जेसनला स्कीमा नकोच होती, मोकळेपणा हेच त्याचे आकर्षण होते. पण मोकळेपणाचा हिशेब पुढच्या माणसाला चुकता करावा लागतो हे लवकरच दिसले, आणि क्रिस झिप यांनी मांडलेली जेसन स्कीमा मसुद्यामागून मसुदे पार करत चौथ्या, सातव्या, २०१९-०९ आणि २०२०-१२ या आवृत्त्यांपर्यंत आली. समांतर एक तिसरा प्रवाह मोठ्या कंपन्यांच्या आतून वाहत होता: फेसबुकची थ्रिफ्ट २००७ मध्ये, गूगलची प्रोटोकॉल बफर्स २००८ मध्ये आणि हडूपच्या परिवारातली ॲव्हरो २००९ मध्ये खुली झाली. इथे स्कीमेवाचून संदेश लिहिताच येत नाही. चौथा प्रवाह अलीकडचा: पायडँटिक, झॉड यांसारखी साधने, ज्यांत स्कीमा प्रोग्रामच्या भाषेतच, तिच्या प्रकारांशी जोडून लिहिली जाते. सोय मोठी, पण नियम एका भाषेच्या प्रोग्राममध्ये अडकतो आणि समोरच्या पक्षाला तो वाचता येत नाही. एकाच चमूच्या आत हे चालते. पॅकहाउस, प्रयोगशाळा आणि निर्यातदार अशा तीन स्वतंत्र पक्षांत नियम उघड्यावर, कोणाच्याही मालकीचा नसलेल्या भाषेत असायला हवा. म्हणून या पुस्तकाने जेसन स्कीमा निवडली आहे.

या प्रवाहांत खरे भांडण कडकपणावरून आहे. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘हा रकाना अनिवार्य’ असे म्हणण्याची सोयच काढून टाकली. आज अनिवार्य ठरवलेला रकाना उद्या नकोसा झाला तरी काढता येत नाही, कारण जुने प्रोग्राम त्याच्यावाचून संदेश नाकारतात, हा गूगलचा अनुभव होता. याच्या उलट टोकाला आपली जीएसटीची ई-इन्व्हॉइस आहे, जिच्यात अनिवार्य रकान्यांची यादी कायद्याच्या जोराने येते. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. एका कंपनीच्या हजारो अंतर्गत सेवांमध्ये बदल हा नित्याचा असतो, त्यामुळे तिथे सैलपणा उपयोगी. परक्या पक्षांत मात्र कोणत्या माहितीवाचून व्यवहार पुरा होत नाही हे आधी ठरवून घ्यावेच लागते.

ई-इन्व्हॉइसवर थोडे थांबायला हवे, कारण नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत स्कीमा या गोष्टीशी लोकांची पहिली गाठ तिथेच पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ही मर्यादा ५ कोटींवर आली. आता बीजक आधी जेसन संदेश म्हणून नोंदणी पोर्टलकडे जाते, तिथे ठरलेल्या स्कीमेवर घासले जाते, आणि जुळले तरच आयआरएन हा ६४ अक्षरांचा बीजक-संदर्भ क्रमांक व सही केलेला क्यूआर कोड परत येतो. बीजक क्रमांक १६ अक्षरांत बसला पाहिजे आणि शून्याने सुरू होता कामा नये, तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने, पिनकोड सहा अंकी. नियम लागू असलेल्या विक्रेत्याचे आयआरएन नसलेले बीजक कायद्याने बीजकच नव्हे, त्यामुळे खरेदीदाराचे इनपुट क्रेडिट धोक्यात येते. अंबडच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात महिनाअखेरीला गाडी भरून उभी आहे आणि पोर्टल बीजक नाकारते, तेव्हा तिथल्या हिशेबनिसाला स्कीमा म्हणजे संकट वाटते. हे समजण्यासारखे आहे. पण आधीची स्थिती आठवावी: चुकीचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, असलेले बीजक बिनबोभाट जायचे, आणि कित्येक महिन्यांनी खरेदीदाराचे क्रेडिट अडले की पुरवठादाराचे पैसे थांबायचे. चूक तीच. आता ती सापडते तेव्हा हिशेबनीस टेबलावर असतो, बीजक समोर असते आणि दुरुस्ती दोन मिनिटांची असते. उपाय एकच: पोर्टलने नाकारण्याआधी कारखान्याच्या स्वतःच्या दारात तीच स्कीमा लावावी.

आणि इथेच पडताळणीचे थर दिसतात. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा, मध्ये दहा अक्षरांचा पॅन, हा साचा जेसन स्कीमा तपासू शकते. शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेला तपासअंक असतो. त्याचे गणित जेसन स्कीमेच्या आवाक्याबाहेर आहे, त्याला प्रोग्रामच्या चार ओळी लागतात. विक्रेता आणि पुरवठ्याचे ठिकाण एकाच राज्यातले असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, नसेल तर आयजीएसटी, हा दोन रकान्यांमधला नियम. ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, हेही स्कीमेला विचारता येत नाही. आणि हा क्रमांक आज चालू आहे की रद्द झालेला, हे तर पोर्टललाच विचारावे लागते. आकार, हिशेब, वास्तव असे हे तीन थर वेगळे ठेवण्याचा आग्रह पुस्तकात जागोजागी आहे, कारण सारे एकाच फंक्शनमध्ये कोंबले की कोणता नियम करारातला आणि कोणता आपल्या सोयीचा हे वर्षभरात कोणालाच सांगता येत नाही.

आता सर्व्हरलेस का, हा प्रश्न. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने लॅम्डा जाहीर केली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गूगल त्याच वाटेने आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ॲमेझॉनचे मुंबई केंद्र सुरू झाल्याने इथला संदेश सिंगापूरला जाऊन परत येण्याची गरज उरली नाही. पडताळणीचे काम या पद्धतीला जितके मानवते तितके फार थोडी कामे मानवतात. संदेश येतो, स्कीमेशी ताडला जातो, निकाल निघतो. मागचे काही लक्षात ठेवायचे नसते. द्राक्षाची निर्यात मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. त्या काळात पॅकहाउसमधून दिवसाकाठी संदेशांचा लोंढा, आणि जूनमध्ये शुकशुकाट. वर्षभर सर्व्हर चालू ठेवणे म्हणजे आठ महिने रिकाम्या शीतगृहाचे बिल भरणे. फंक्शनचे पैसे वापरापुरते. लॅम्डाचा हिशेब तर डिसेंबर २०२० पासून मिलिसेकंदाने होतो. पूर्वी ही दक्षता मोठ्या निर्यातदाराच्या संगणक विभागाची मिरास होती. वीस-पंचवीस बागायतदारांच्या गटाला ती परवडणे, हा मला या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा परिणाम वाटतो.

एका संदेशाकडे जवळून पाहू. पॅकहाउसमधून तोडणीची नोंद येते: बागेचा क्रमांक, तारीख, वाण, वजन, पैसे जमा करायचे खाते. वजन ‘४५०’ असे अवतरणचिन्हांत आले तर तो मजकूर झाला, आकडा नव्हे. बेरीज करताना काही प्रोग्राम ते शेजारच्या आकड्याला नुसते चिकटवतात. खाते क्रमांकाचे उलट आहे: तो आकडा म्हणून लिहिला की सुरुवातीची शून्ये गळतात आणि बागायतदाराचे पैसे परत फिरतात, म्हणून स्कीमेत तो मजकूरच असला पाहिजे. तारीख ‘०३/०४’ अशी आली तर ती ३ एप्रिल की ४ मार्च? स्कीमेत ‘फॉरमॅट: डेट’ लिहून निर्धास्त होणाऱ्यांनी जाणून घ्यावे की २०१९-०९ च्या आवृत्तीपासून हा शब्द मुळात नुसती टिप्पणी मानला जातो, पडताळणाऱ्या लायब्ररीत तो मुद्दाम चालू केल्याशिवाय ‘३१ फेब्रुवारी’ सुखाने पार होते. त्याहून फसवी गोष्ट ऐच्छिक रकान्याची. प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक ऐच्छिक आहे आणि पाठवणाऱ्याने रकान्याच्या नावातच एक अक्षर चुकवले, तर स्कीमेच्या दृष्टीने तो रकाना आलाच नाही, आणि जो आला तो अनोळखी पण चालण्याजोगा. संदेश ‘जुळतो’ आणि अहवाल हरवतो. अनोळखी रकाने बंद करण्याची एक ओळ स्कीमेत घातली की हे थांबते, पण मग समोरच्याने उद्या नवा रकाना जोडला की तेही संदेश अडतात. या निवडीला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. माझा कल दारात कडक आणि आवृत्ती क्रमांकाने लवचीक राहण्याकडे आहे.

मराठी वाचकाने विशेष जपावे असे एक प्रकरण आहे, आणि परभाषेतल्या पुस्तकांत ते सहसा सापडत नाही. ‘सहा अंक’ असा साचा लिहिताना बॅकस्लॅश आणि डी वापरले, तर पायथनमध्ये देवनागरी ‘४२२००७’ पार होते आणि जावास्क्रिप्टमध्ये तेच अडते. स्कीमा एक, दोन दारांवर दोन निकाल. नावाच्या रकान्याची कमाल लांबी जेसन स्कीमा युनिकोडच्या चिन्हांत मोजते, त्यामुळे ‘ज्योत्स्ना’ हे डोळ्यांना दोन अक्षरांचे नाव दहा भरते. ‘नऱ्हे’, ‘गोऱ्हे’ यांतला ऱ्ह दोन प्रकारे साठवला जातो, कधी स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन तर कधी ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे, आणि युनिकोडचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. एकाच माणसाची दोन खाती अशी तयार होतात. नावासाठी फक्त रोमन अक्षरांचा साचा लिहिणारी स्कीमा तर मराठी माणसाला दारातूनच परत पाठवते. स्कीमा लिहिणाऱ्याने कोणाला गृहीत धरले आहे, हे अशा साच्यांतून उघडे पडते.

आक्षेपांना टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे: इंटरनेट वाढले ते उदार स्वीकाराच्या तत्त्वावर. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये सांगितले की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. मग दारात इतकी अडवणूक कशाला? उत्तर अनुभवाने दिले आहे. स्वीकारणारा चुका पोटात घालत गेला की पाठवणाऱ्याला त्या कधी कळतच नाहीत. त्या रूढ होतात आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मूळ नियमाबरोबर चुकांचीही नक्कल करावी लागते. २०२३ मध्ये इंटरनेट स्थापत्य मंडळाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातही हीच भूमिका सविस्तर मांडली आहे. जिथे ग्राहक एकच आणि चूक निरुपद्रवी, तिथे उदारपणा शोभतो. अवशेष-अहवालात आणि बीजकात तो दुसऱ्याच्या जिवावरचा उदारपणा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे. कडक स्कीमा दुबळ्यालाच बाहेर ठेवते. ज्याच्याकडे संगणक जाणणारा माणूस आहे तो रकाने नीट भरतो, आणि गावातल्या सेवा केंद्रावर दुसऱ्याकडून अर्ज भरून घेणारा नाकारला जातो. हे खरे आहे, आणि यावर ‘स्कीमा सैल करा’ हे उत्तर मला पटत नाही, कारण सैल दारातून आत गेलेली चूक त्याच माणसाला पुढे अनुदान किंवा चुकारा अडवून भोवते. सुधारणा नकाराच्या रीतीत हवी. ‘इनव्हॅलिड इनपुट’ हे कारण नव्हे. कोणता रकाना, त्यात काय आले, काय अपेक्षित होते, आणि सगळ्या चुका एकदमच, एकेक करून नव्हे. हे मराठीत सांगितले गेले पाहिजे. काही लायब्ररी पहिल्या चुकीवर थांबतात, त्यांना शेवटपर्यंत जायला सांगावे लागते. तसे सांगितले तर दुष्ट हेतूने पाठवलेला अवाढव्य संदेश फंक्शनला दमवू शकतो, म्हणून आकाराची मर्यादा आधी लावावी. नाकारलेले संदेश फेकूनही द्यायचे नाहीत. ते वेगळ्या रांगेत ठेवून रोज कोणीतरी वाचायचे. एकच चूक वीस जणांकडून येत असेल तर दोष बहुधा स्कीमेत असतो. मात्र त्या रांगेत बागायतदारांचे फोन आणि बँक खाती पडून असतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर ती तशीच उघडी ठेवणे कोणालाही शोभणारे नाही.

तिसरा आक्षेप सर्व्हरलेसवरचा: आपण एका परदेशी कंपनीच्या हाती सापडतो, फंक्शन बराच वेळ निजलेले असले तर जागे व्हायला उशीर लावते, आणि रांगेतून तोच संदेश दोनदाही येऊ शकतो. तिन्ही गोष्टी खऱ्या. उशिरावर उपाय हाताशी आहे: स्कीमा प्रत्येक संदेशासाठी नव्याने न वाचता फंक्शन जागे होताना एकदाच तयार करून ठेवावी, आणि तिच्यातले संदर्भ इंटरनेटवरून आणू नयेत. दुहेरी संदेशाचा धडा आयआरएनपासून घ्यावा: विक्रेता, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून तो काढला जातो, त्यामुळे तेच बीजक पुन्हा आले की ओळखू येते. परावलंबनाचा प्रश्न पुरता सुटत नाही. पण स्कीमा आणि पडताळणीचा गाभा खुल्या मानकात ठेवून कंपनीविशिष्ट भाग बाहेरच्या पातळ सालीपुरता राखला, तर घर बदलणे काही दिवसांचे काम राहते. पुस्तकातला सारा प्रोग्राम याच शिस्तीने लिहिला आहे.

उरतो तो आरंभीचा प्रश्न: यादीच अपुरी असेल तर? क्लोरमेक्वाटच्या बाबतीत कोणताही पडताळणारा त्या कंटेनरांना वाचवू शकला नसता. पुढे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते आले, म्हणजे स्कीमा बदलली. आणि ती बदलताच नोंदणी, प्रयोगशाळा, पॅकहाउस सगळीकडे एकाच वेळी लागू करता आली, कारण नियम प्रत्येकाच्या प्रोग्राममध्ये विखुरलेला नव्हता, एका जागी लिहिलेला होता. स्कीमा चुकीची असू शकते, पण ती लिहिलेली असल्यामुळे तिच्यावर बोट ठेवता येते, वाद घालता येतो, आवृत्ती बदलता येते. लिहिलेला नियम नसता तर दोष कोणाचा हे ठरवायलाच एक हंगाम गेला असता.

पुस्तकाची मांडणी या समजुतीवर उभी आहे. पूर्वार्ध प्रोग्राम न लिहिणाऱ्यांसाठीही आहे: निर्यातदार, शेतकरी कंपनीचे संचालक, करसल्लागार, कृषी आणि महसूल खात्यातली मंडळी, ज्यांना स्कीमा लिहायची नाही पण तिच्यात काय असावे हे ठरवायचे आहे. उत्तरार्धात पॅकहाउसच्या संदेशांसाठी एक फंक्शन पायरीपायरीने उभे राहते, मोडते आणि दुरुस्त होते. यशस्वी संदेशांपेक्षा नाकारलेल्या संदेशांना तिथे जास्त पाने दिली आहेत. उदाहरणे २०२०-१२ आवृत्तीची आहेत आणि कोणत्या लायब्ररीत काय वेगळे वागते ते त्या त्या ठिकाणी नोंदले आहे. गोपनीय सांकेतिकीकरण, डिजिटल सही आणि मोठ्या डेटाबेसांची रचना हे विषय हाताळलेले नाहीत. उत्तरार्ध वाचणाऱ्याने सोबत स्वतःच्या व्यवसायातला एक खरा संदेश घ्यावा, नावे आणि खाते क्रमांक काढून, आणि पहिली स्कीमा त्याच्यावरच लिहावी.